मोडमावशीच्या जबड्यात

मी एक जुनी मोडमावशी आहे. हसू नका मित्रांनो, हे नाव काही मी स्वतः होऊन घेतलेले नाही. माझ्या पोटावरच्या पितळी पट्टीवर माझे खरे नाव कोरलेले आहे, पण ते इतके लांबलचक आहे की वाचणाऱ्याला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो. म्हणून मुलांनी हे सुटसुटीत नाव ठेवले आणि ते मला चिकटले.

मी वस्तूंची ताकद तपासणारे यंत्र आहे. लोखंडाची कांडी माझ्या जबड्यांत धरून चाक फिरवले की मी ती हळूहळू ओढू लागते. मला दाबताही येते. माझ्या दोन जाड पाट्यांमध्ये वीट ठेवा, नळ ठेवा, काहीही ठेवा. ती वस्तू किती भार सोसते ते माझ्या तबकडीवरचा काटा दाखवत जातो आणि शेवटी ती मोडते. मोडली की माझे काम झाले. शेजारची यंत्रे काही ना काही घडवत असत. मी एकटी तेवढी मोडत बसलेली.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथले आता फारसे आठवत नाही. आठवतो तो ओल्या रंगाचा वास आणि लाकडी खोक्यातला अंधार. खोके उघडले तेव्हा मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर होते. मी दारातून मावेना म्हणून चौकट काढावी लागली होती आणि सुतार त्यावरून दिवसभर कुरकुरत होता. मला पाहायला संस्थेची मंडळी जमली. त्यांतले एक छत्रीवाले वयस्कर सभासद माझ्याभोवती फेरी मारून म्हणाले, "एवढा खर्च करून आणलं काय, तर मोडायचं यंत्र! अहो, मोडायला माझा नातू आहे की घरी. फुकटात मोडून देईल."

सगळे हसले. मला मात्र वाईट वाटले. नव्या घरात पाय ठेवताच टोमणा ऐकावा लागला तर कोणालाही वाटेलच.

पण पुढची वर्षे फार सुखाची गेली. प्रयोगशाळेत एक मामा होते. तेलाचा कपडा खांद्यावर टाकून ते सकाळी सकाळी माझ्याशी गप्पा मारत मला पुसून काढत. विद्यार्थी माझ्याभोवती कोंडाळे करून उभे राहत. कांडी मोडायची वेळ आली की धीट धीट म्हणवणारेसुद्धा कानांत बोटे घालत. मोठा आवाज होई, कोणीतरी किंचाळे आणि मग सगळे खोखो हसत. त्यांतली काही मुले पुढे पूल बांधायला गेली, काही बोटी बांधायला. निरोप घ्यायला येत तेव्हा कोणी कोणी माझ्या चाकावरून हात फिरवून जात. कोणत्याही बाईला नसतील इतकी लेकरे मला होती.

आमच्या खिडकीतून उतारावरची एक गल्ली दिसे. ती ओतशाळांची गल्ली. तिथे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून रेतीच्या साच्यांत ओतत आणि पाण्याच्या पंपांची बाहेरची कवचे बनवत. गल्लीत त्या कवचाला नुसते 'बॉडी' म्हणत. सकाळी सगळी धुराडी एकदम धूर सोडू लागली की मामा म्हणत, "चला, गल्लीची चूल पेटली."

ओतशाळांतून नेमाने कोणीतरी फडक्यात गुंडाळलेली नमुन्याची कांडी घेऊन येई. ज्या बिडाच्या बॉड्या ओतल्या त्याच बिडाची ही कांडी. मी ती ओढून पाही. कांडी पक्की निघे, तसा दाखला मिळे आणि माल विकायला जाई. वर्षानुवर्षे कांड्या पास होत होत्या.

आणि बॉड्या मात्र तडकत होत्या. विहिरीवर बसवलेला पंप हंगामाच्या ऐन मध्यावर कडेला तडके आणि पाणी भलतीकडेच उडे. गिऱ्हाइके शिव्या घालत परत येत. ओतशाळेचे मालक दाखला नाचवत आणि म्हणत, "हे बघा, कॉलेजने तपासलंय!" दोन्ही खरे होते आणि कोणालाच काही कळत नव्हते. हळूहळू लोक समुद्रापलीकडचे पंप विकत घेऊ लागले. देशाचा पैसा जहाजात बसून बाहेर जाऊ लागला. इकडे गल्लीतले एक धुराडे थंडावले, मग त्याच्या शेजारचे. खिडकीतून मी रोज पाहत होते. मामांनी चुलीचे नाव घेणे सोडून दिले.

अशा दिवसांत काडी आमच्याकडे आली.

ती इतकी किडकिडीत होती की मामांनी पहिल्याच दिवशी तिचे हे नाव ठेवले. तिचे वडील त्याच गल्लीत साचे बनवत. पदवी घेणारी ती गल्लीतली पहिली मुलगी. पदवी झाली, पेढे... छे, नुसता चहा झाला, आणि घरच्यांना वाटले, संपले एकदाचे शिक्षण. तर काडीने पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासासाठी नाव घातले. दुपारी माझ्याच ओट्यावर डबा उघडून ती मामांना घरच्या कथा सांगे.

"आत्या काय म्हणते माहितेय, मामा? 'लोखंड मोडायला शिकायचं? त्याला दोन वर्षं? आमच्या धाकट्याला बोलावलं असतंस तर दोन मिनिटांत शिकवलं असतं!'"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार! त्यानं सकाळीच कपाटाची काच फोडली होती. आत्याच गप्प झाली."

दोघे हसत. पण मामांच्या लक्षात येई तसे माझ्याही येई, की डब्यातले अर्धे तसेच राहते. काडीला बंदरावरच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. परदेशी पंप विकणारी ती कंपनी. पगार चांगला होता. वडील काम करत ती ओतशाळा आठवड्यातून तीनच दिवस चालत होती. आईने तोंडाने काही म्हटले नव्हते, पण तिने मुलीसाठी नोकरीवर नेसायला नवी साडी इस्त्री करून ठेवली होती. काडी म्हणाली, "मामा, ती साडी रोज माझ्याकडे बघते."

त्यातच शिक्षणखात्याचे साहेब पाहणीला आले. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख एक बाई होत्या. उंच आवाजात बोलल्याचे त्यांना कोणी कधी ऐकले नव्हते. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, "बाई, स्पष्टच विचारतो. शाळा काढली तर मुलं वाचायला शिकतात, ते दिसतं. पदवीपर्यंतही समजू शकतो. पण त्याच्याही पुढे इथं बसून लोखंड मोडणाऱ्यांना सरकारनं विद्यावेतन द्यायचं, तर त्यातून देशाला काय मिळतं?"

"तुम्ही खाली आलात त्या जिन्याचा कठडा धरला होता का?" बाईंनी विचारले.

"धरला होता. का?"

"काही नाही. तो आमच्या एका विद्यार्थिनीनं तपासलाय. म्हणून तुम्ही माझ्यासमोर उभे आहात. किती पूल बांधले ते सरकार मोजतं, साहेब. किती पडले नाहीत ते कुठं मांडायचं, एवढं मला सांगा."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते हसले, पण म्हणाले, "वर हे सांगून कोणी ऐकणार नाही. उन्हाळ्यात परत येईन. काहीतरी दाखवा. नाहीतर या जागा बंद होतील आणि विद्यावेतनही."

म्हणजे काडीचे शिक्षण अर्ध्यात तुटणार होते. साडी आणखीच जवळ आली.

त्यानंतर काही दिवस ती नुसती माझ्यासमोर बसून राही. एकदा ओतशाळेतून अशीच एक कांडी आली. मामा फडके सोडत म्हणाले, "बघ तरी, किती निगुतीनं गुंडाळलीय. तान्ह्या बाळाला कोणी गुंडाळत नाही असं."

काडीने मान वर केली आणि एकदम उठून उभी राहिली. "बाई!" ती आतल्या खोलीकडे पळाली. "बाई, नमुना म्हणजे आमच्या गल्लीत जावई असतो!"

"शांतपणे सांग," बाई म्हणाल्या.

"नमुन्याची कांडी वेगळ्या साच्यात ओततात. तिला कोणी हात लावत नाही. रात्रभर रेतीत झोपू देतात, सकाळी आरामात बाहेर काढतात. आणि बॉड्या? बॉड्या तर लाल असतानाच साचा फोडून बाहेर! साच्याच्या पेट्या कमी, दुपारी पुन्हा ओतायचं असतं. वरून पाणीसुद्धा मारतात. मी लहानपणापासून बघतेय. त्यात काही विचारायचं असतं हेच मला कधी सुचलं नाही."

बाईंनी दाखल्यांची वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आपण फक्त जावयाचीच नाडी बघत होतो."

मित्रांनो, मी कधी खोटे सांगितले नव्हते. जी कांडी माझ्या तोंडात दिली ती खरोखरच मजबूत होती. पण पंपाविषयी मला कोणी विचारलेच नव्हते!

दुसऱ्या दिवशी काडीचे वडील हातगाडीवर एक बॉडी घेऊन आले. तिच्यावर पोते पांघरलेले. त्यांचे रुंद पंजे, रेतीने काळवंडलेली नखे, आणि दारात आल्यावर चपला काढाव्यात की नाही अशा विचारात उभे.

"गल्लीत सांगितलं नाही मोडायला नेतोय म्हणून," ते हळूच म्हणाले. "रंगवायला नेतो म्हटलं. हातानं केलेली वस्तू मोडायला न्यायची म्हणजे... लोक काय म्हणतील!"

मामांनी बॉडीची पातळ कड करवतीने कापायला घेतली. अर्धीसुद्धा कापली नव्हती तोच टण्णकन आवाज झाला आणि उरलेली कड आपोआप फाटली. मामा करवत टाकून मागे उडाले. "मी नाही हं मोडली! देवाशपथ, जोरसुद्धा लावला नव्हता!"

काडी खाली बसून त्या फटीकडे पाहत राहिली. "बाबा, कड पातळ, ती आधी गार झाली. पोट जाड, ते मागाहून आवळत गेलं. दोघांची आतल्या आत ओढाताण चालूच राहिली. वरून गुळगुळीत, आत भांडण. विहिरीवर जाऊन जरा धक्का लागला की संपलं."

वडील म्हणाले, "आपल्या आत्याच्या घरासारखं."

मला वाटले, चला, कोडे सुटले. पण कोडे सुटले म्हणून धुराडे पेटत नाही. बॉडी रेतीतच सावकाश गार करा, असे काडीने ओतशाळेच्या मालकांना जाऊन सांगितले. त्यांनी हात जोडले. "बाळ, पेट्या रात्रभर अडकल्या तर माल निम्मा होईल. त्यापेक्षा आजच कुलूप लावतो."

आणि ते काही चुकीचे बोलत नव्हते. नुसते कारण सांगून भागणार नव्हते, परवडेल असा उपाय सांगायला हवा होता. त्यासाठी वेळ लागतो, पुस्तके लागतात, चुका करायला जागा लागते, आणि चुकल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडे असावे लागते. त्यालाच तर पुढचे शिक्षण म्हणतात.

काडीने दूरदूरच्या लोकांनी लिहिलेले वाचून काढले, बाईंशी वाद घातले आणि शेवटी मालकांना विनवून ओतशाळेच्या मागच्या अंगणात एक खड्डा खणवला. त्याला विटा लावल्या, भट्टीतली गरम राख त्यात भरली. बॉडी साच्यातून लवकरच काढायची, पण पाणी न मारता लालच्या लाल या राखेत पुरायची. पेटी मोकळी आणि बॉडी मात्र सावकाश गार होणार. ऐकायला सोपे वाटते ना? पण कोणत्या लालीला काढायची, राख किती खोल, किती वेळ, हे कोणाला ठाऊक होते? वडील रंग पाहून सांगत, काडी शेजारी उष्णता मोजायची दांडी धरून उभी राही. मग बॉडी माझ्याकडे येई आणि मी ती दाबून मोडे. एकामागून एक मोडल्या. काही तर पहिल्यापेक्षाही लवकर. राख ओली राहिली म्हणून मोडल्या, खड्डा उथळ म्हणून मोडल्या. प्रत्येक आवाजाला वडील डोळे मिटत. काडी तुकडे गोळा करी, त्यांच्याकडे निरखून पाही, पुन्हा गल्लीत जाई.

अशाच एका दुपारी बंदरावरच्या कंपनीचा माणूस प्रयोगशाळेतच येऊन ठेपला. नोकरीचे आता हो की नाही ते सांगा, म्हणाला. बोलायला गोड होता. "काका, तुम्हीच समजवा. हुशार पोरगी आहे. अजून किती दिवस शिकत बसणार? आत्ता आली तर आत्ता कमावेल."

वडील हातगाडीला टेकून उभे होते. अंगावर राख. घरात नड होती, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते! काडीने खाली पाहिले. ते काय म्हणतील ते तिला माहीत होते, मामांना माहीत होते, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले होते की मला माहीत आहे.

"साहेब," ते म्हणाले, "जन्मभर मी घाईनं माल बाहेर काढला. लाल असतानाच. वाटायचं, दिवसाला चार जास्त निघतात म्हणजे फायदाच. चारही फुटायच्या, ते मला दिसायचं नाही, दुसऱ्याच्या विहिरीवर फुटायच्या ना! आता या वयात थोडं शिकलोय. ही अजून शिकतीय. मी नाही तिला मधेच बाहेर काढायचा."

"अहो, पण घर—"

"घर चालवायला मी आहे. थोडं ताणून चालवीन."

 काडीने उठून वडिलांच्या सदऱ्यावरची राख उगाचच झटकली. ती काही गेली नाही, उलट आणखी पसरली.

उन्हाळा आला आणि साहेबही आले. खोली भरली होती. ओतशाळांचे मालक आले होते. आत्यासुद्धा आली होती, 'बघू तरी काय मोडतात ते' म्हणत. आधी जुन्या पद्धतीची बॉडी माझ्या पाट्यांमध्ये ठेवली. चाक फिरले. काटा थोडा चढला आणि खाड! दोन तुकडे. मालकांनी एकमेकांकडे पाहिले. मग राखेतली ठेवली. काटा जुन्या जागेपाशी आला आणि पुढे गेला. आणखी पुढे.  माझे सांधे कुरकुरू लागले, इतका भार मी फार दिवसांत घातला नव्हता.  बराच वर जाऊन ती बॉडी शेवटी मोडली.

वडिलांनी या खेपेला डोळे मिटले नव्हते. ते पुढे झाले, तुकडा उचलून हातात फिरवला आणि म्हणाले, "मोडली. पण रुबाबात मोडली."

खोलीभर हशा झाला. साहेबांनी बाईंना विचारले, "आणखी किती वेळ लागेल हे सगळ्या मापांच्या पंपांसाठी बसवायला?"

"तिला उरलेलं वर्ष द्या," बाई म्हणाल्या.

ते मिळाले.

पुढचे मी खिडकीतून पाहिले. एकेका ओतशाळेच्या मागे राखेचा खड्डा झाला. दोन धुराडी कायमचीच थंड राहिली, ते मालक वाट पाहून थकले होते. बाकीची पेटली. बॉड्या तडकेनाशा झाल्या तशी गिऱ्हाइके परतली. मग गल्लीला पेट्या करणारे सुतार लागले, रंगारी लागले, ट्रकवाले लागले, ट्रकवाल्यांना चहा देणारे लागले. जो पैसा जहाजातून बाहेर जाई तो गल्लीतच या हातातून त्या हातात फिरू लागला. त्यातला काही कर म्हणून सरकारकडे गेला आणि त्याच कराच्या पैशातून आमच्या महाविद्यालयावर आणखी एक मजला चढला. बंदरावरची ती कंपनीसुद्धा एक दिवस गल्लीत आली. आता तिला इथले पंप बाहेरच्या देशांत विकायचे होते! आत्याच्या धाकट्याने माझ्याच खोलीत येऊन शिकायला नाव घातले. आत्या सगळ्यांना सांगत सुटली, "पहिल्यापासून हाताला वळण होतंच त्याच्या."

काडीचे शिक्षण पूर्ण झाले. गल्लीच्या तोंडाशी तिने तपासणीची खोली काढली, आणि आठवड्यातले काही दिवस ती इथे शिकवायला येई. पहिल्याच तासाला मुलांना विचारी, "नमुना कोणी निवडला?" मुलांना प्रश्न कळत नसे. कळेपर्यंत ती पुढे जात नसे.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. माझ्या जागी पडद्यावर आकडे दाखवणारे नवे यंत्र आले आणि मला कोपऱ्यात सरकवले गेले. ते चांगले आहे, भांडखोर नाही, आवाजही कमी करते. माझ्या पाटीवर आता चहाचे कप ठेवतात. पावसाळ्यात चाकाला छत्र्या टांगतात. मामा गेल्यापासून माझ्या सांध्यांना तेल मिळालेले नाही. मी रुसलेले नाही, पण गंज चढतो तेव्हा दुखते.

परवा मात्र एक नवी मुलगी आली. नव्या यंत्राजवळ गर्दी होती. तिच्या हातात शेतातल्या काडीकचऱ्यापासून दाबून केलेली एक वीट होती, अशी कच्ची दिसणारी की पाहून हसू यावे. तिने माझ्यावरचे कप उचलले, पाटी पुसली, वीट ठेवली आणि चाक फिरवले. विटेचा लगेच भुसा झाला. तिने तो भुसा हातात घेऊन निरखला आणि उद्या परत येते म्हणाली.

या विटेचे काय होईल, त्यातून देशाला काय मिळेल, मला माहीत नाही. तिलाही नाही. ते आधीच माहीत असते तर शिकायची गरजच काय होती! तुमच्यापैकी कोणी या बाजूला आलात तर माझे एवढे ऐका. माझ्या सांध्यांत दोन थेंब तेल घाला, छत्र्या दुसरीकडे टांगा. आणि त्या मुलीला 'झालं का, झालं का' असे विचारू नका. तिची वीट अजून पुष्कळदा मोडायची आहे.